पहिला पगार आणि कार्डाची उधारी

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात आमच्याच गल्लीतील एक माउली पदराआड काहीतरी धरून पुढे आल्या. इकडे तिकडे कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून त्यांनी घडी घातलेला एक कागद आमच्या हातात दिला. म्हणाल्या, “भाऊ, ह्यात काय लिवलंय ते जरा वाचून सांगा. पोराच्या उशाखाली घावला. आठ दिस झाले, पोरगं नीट जेवत न्हाई. फोन वाजला की दचकतंय.”

कागद एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचा होता. दोन महिने हप्ता भरलेला नाही, एकूण येणे ३१,००० रुपये, ताबडतोब भरावे, असा मजकूर होता. आम्ही तो त्यांना वाचून दाखविला. माउली तिथेच पायरीवर बसल्या. त्या पोळ्या लाटण्याची कामे करतात. त्यांचे यजमान रंगकाम करतात, काम मिळाले तर रोज, नाही तर घरी. मुलगा बारावी झालेला, एका कुरिअरच्या गोदामात लागलेला. पगार १८,००० रुपये. त्या घरात महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होणारा हा पहिला पगार. वर्षापूर्वी त्यांनी याच पगाराचे पेढे वाटले होते.

वाचकहो, असा कागद आज पुष्कळ घरांत कुठल्या ना कुठल्या उशाखाली आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही याच विषयावर लिहायचे ठरविले आहे. कार्ड वाईट, बँक वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. परंतु ज्या घरात शिकलेली पहिली पिढी नुकती कमवायला लागली आहे, त्या घरात या कार्डाचा हिशेब कोणी शिकविलेला नसतो. आई-बापाला तो ठाऊक नसतो, शाळेत तो सांगितला जात नाही आणि कार्ड विकणाऱ्याला तो सांगायचा नसतो.

कार्ड घरात आले कसे?

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा आधी बोलेना. मान खाली घालून बसला. आम्ही म्हटले, “हे बघ बाळ, आम्ही रागवायला आलो नाही. हिशेब करायला आलो आहोत. वही आण.” मग तो हळूहळू बोलू लागला.

पगाराच्या दिवशी गोदामाच्या दारात टेबल मांडून दोघे तरुण बसले होते. टाय लावलेले, गोड बोलणारे. आयुष्यभर फुकट कार्ड, वर एक बॅग भेट. आधार आणि पगाराची चिठ्ठी दाखविली, फोनवर दोन-तीन ठिकाणी अंगठा लावला आणि थोड्याच दिवसांत कार्ड घरी आले. त्यावर ५०,००० रुपयांची मर्यादा. मुलगा आम्हाला म्हणाला, “काका, आमच्या घरात पन्नास हजार एकदम कुणी पाहिले नव्हते. मला वाटलं, बँकेनं माझी किंमत केली.”

हे वाक्य आम्हाला लागले. ज्याला दुकानदाराने कधी उधार दिले नाही, ज्याच्या बापाला कोणी जामीन राहिले नाही, त्याला अचानक कोणीतरी पन्नास हजारांचा विश्वास दाखविते. ऊर भरून येणारच. परंतु मर्यादा म्हणजे आपली मिळकत नव्हे. जास्तीत जास्त किती कर्ज द्यायचे, याचा तो बँकेने मांडलेला अंदाज आहे. त्यातला एक पैसाही आपला नसतो.

मुलाने त्या कार्डावर २०,००० रुपयांचा फोन घेतला. महिन्याचे बिल आले. त्यात दोन आकडे होते. एक, एकूण येणे २०,००० रुपये. दुसरा, किमान येणे १,००० रुपये. त्याने हजार रुपये भरले आणि त्याला वाटले, या महिन्याचे झाले. पुढे दर महिन्याला तो न चुकता हजार रुपये भरीत राहिला. आठ महिन्यांत त्याने ८,००० रुपये भरले. आम्ही विचारले, “मग आता फोनचे किती राहिले?” तो म्हणाला, “बारा हजार राहायला हवेत, पण बँक अठरा हजारांच्या वर दाखविते. काहीतरी चूक आहे.”

चूक बँकेची नव्हती. चूक हिशेब न समजण्याची होती.

किमान रकमेचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक घरातील मुला-मुलींनी वहीवर एकदा करून पाहावा. कार्डावर साधारणपणे महिन्याला ३ ते पावणेचार टक्के व्याज लागते. मुलाच्या कार्डाला महिना साडेतीन टक्के होते. महिन्याचा आकडा ऐकायला लहान वाटतो. बाराने गुणले की वर्षाचे ४२ टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी.

२०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्यावर जीएसटी १२६ रुपये. दोन्ही मिळून ८२६ रुपये. मुलाने भरलेल्या हजारातून ८२६ रुपये गेले, आणि मूळ देण्यातून कमी झाले फक्त १७४ रुपये! आठ महिन्यांचा असा हिशेब केला तर ८,००० रुपये भरून देणे कमी होते सुमारे १,६०० रुपयांनी. बाकीचे ६,४०० रुपये व्याजात आणि करात गेले.

याच चालीने दर महिन्याला हजार भरीत राहिले, तर २०,००० रुपये फिटायला ४४ महिने लागतात. म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. तोवर खिशातून ४३,००० रुपयांच्या वर गेलेले असतात. फोन एक, किंमत दोन फोनांची, आणि देणे फिटेपर्यंत फोन भंगारात. तेच महिन्याला २,००० रुपये भरले असते, तर १४ व्या महिन्यात देणे संपले असते आणि एकूण गेले असते सुमारे २६,३०० रुपये. आणि पहिल्याच बिलाला पूर्ण २०,००० भरले असते, तर व्याज एक रुपयाही पडले नसते.

कार्डाची सगळी गोम इथे आहे. बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर खरेदीच्या दिवसानुसार साधारण २० ते ५० दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. परंतु बिलातले काही बाकी ठेवले की ही सवलत जाते. मग नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर सवलत मुळातच नाही. काढण्याचे शुल्क वेगळे आणि व्याज त्याच दिवसापासून.

केवळ किमान रक्कम भरीत राहिलात तर देणे महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज चढत जाईल, हा इशारा बिलावर ठळक छापावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो छापलेला असतोही. पण तो इंग्रजीत असतो, आणि आपली नजर जाते ती लहान आकड्याकडे.

आण्याचे व्याज आणि आजचे व्याज

आमचे आजोबा मुंबईत गिरणीत बदली कामगार होते. त्या वेळच्या सावकाराच्या गोष्टी आमचे वडील सांगत. पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गिरणीच्या दारात उभा राही. व्याजाचा दर रुपयाला महिना एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, तेव्हा वर्षाला बारा आणे व्याज, म्हणजे ७५ टक्के. लोक त्याला रक्तपिपासू म्हणत.

आज दारात काठी नाही. चकचकीत कार्ड आहे, गोड आवाजाची मुलगी फोनवर आहे. परंतु ४२ टक्के आणि वर कर धरला, तर हा दर जवळजवळ ५० टक्क्यांवर जातो. पठाणाच्या दोन तृतीयांश झाला. कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे गैर आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कायदा येऊन व्याज कमी करील, या भरवशावर कोणी राहू नये. दर आपण ठरवू शकत नाही. बाकी ठेवायची की नाही, एवढेच आपल्या हातात आहे.

“बिनव्याजी हप्ते” या शब्दांनाही भुलू नये. फुकट पैसे कोणी देत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. पुष्कळदा व्याज वस्तूच्या किमतीत लपलेले असते, म्हणजे रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि कर निघतातच. दुकानात विचारायचा प्रश्न एकच: “रोख दिले तर केवढ्याला देता, आणि हप्त्याने सगळे मिळून केवढ्याला पडेल?”

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड फोनवरच्या यूपीआयला जोडता येते. त्यामुळे वडापाव, रिचार्ज, चपला, सगळे उधारीवर निघते आणि उधारी वाटत नाही. वाण्याच्या वहीत निदान आपल्यासमोर आकडा लिहिला जात असे.

विहिरीतून आडात

मुलाची गोष्ट इथे थांबली नाही. १४ एप्रिलला घरच्यांना कपडे आणि मध्ये आईची औषधे, असे आणखी ९,००० रुपये कार्डावर गेले. एका महिन्यात ओव्हरटाइम मिळाला नाही. कार्डाचे हजार भरायला पैसे नव्हते. मित्राने फोनवरचे एक कर्जाचे ॲप दाखविले. १०,००० रुपये मंजूर झाले, हातात आले साडेसात हजार. पंधरा दिवसांत दहा हजार परत. म्हणजे साडेसात हजारांना पंधरा दिवसांचे अडीच हजार! गिरणीच्या दारातल्या पठाणालाही हे जमले नसते.

ॲप घेताना त्याने फोनमधील सगळे नंबर पाहण्याची परवानगी दिली होती. दहा हजार त्याने भरले, त्यापायी कार्डाचे दोन हप्ते बुडाले. तरी ॲपवाले दंड मागू लागले. त्याच्या गावच्या मामाला फोन, गोदामाच्या सुपरवायझरला फोन, शिवीगाळ. मुलगा दचकत होता तो या फोनांना. आई म्हणाली, “आरं, मग सांगायचं न्हाई का?” तो म्हणाला, “कोणत्या तोंडानं सांगू? पेढे वाटले होते ना तू.”

ही लाज फार घातक असते. सावकाराला, ॲपवाल्याला तीच हवी असते. ज्याने घरी सांगितलेले नाही, त्याच्याकडून वाटेल ते वसूल करता येते.

तेव्हा कायदा काय म्हणतो, तेही सांगून ठेवतो. ॲपवरून कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने काढले. त्यानुसार कर्ज थेट तुमच्या बँक खात्यात आले पाहिजे. वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो, हे लिहिलेला कागद आधी मिळाला पाहिजे. घेतलेले कर्ज निदान एक दिवसाच्या आत दंडाविना परत करता आले पाहिजे. तुमच्या फोनमधील नंबर आणि फोटो चाळण्याचा ॲपला अधिकार नाही. मान्य संस्थांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर १ जुलै २०२५ पासून आहे. यादीत नाव नसेल, तर त्या ॲपच्या वाटेला जाऊ नये.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, यांपैकी काहीही करण्याची परवानगी नाही. केवळ पगार बुडाला आणि कर्ज थकले, एवढ्यावरून पोलीस धरून नेत नाहीत. ते दिवाणी देणे आहे. मात्र दिलेला चेक वटला नाही, तर तो गुन्हा ठरू शकतो, म्हणून कोरे चेक सही करून कोणाला देऊ नयेत. ॲपवाल्यांचा छळ होत असेल, तर १९३० या क्रमांकावर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. बँकेविषयी तक्रार असेल, तर आधी बँकेला लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वस्तीतला खासगी सावकार परवान्याविना धंदा करीत असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करता येते.

भावाचे देणे आणि बहिणीचे शिक्षण

आता या गोष्टीतला सगळ्यांत दुःखाचा भाग. या मुलाची धाकटी बहीण हुशार. तिला यंदा नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी ती भावाला घेऊन बँकेत गेली. वडिलांची मिळकत कागदावर नाही, म्हणून सहकर्जदार भाऊ. साहेबांनी संगणकावर भावाचे नाव घातले आणि म्हणाले, “यांचे कार्ड थकलेले आहे. आधी ते निस्तरा.”

आपली उधारी आता वाण्याच्या वहीत राहत नाही. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत. कोणी किती कर्ज घेतले, कधी भरले, कधी चुकविले, याची नोंद त्यांच्याकडे जाते. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा पडतो. लोक त्याला सिबिल म्हणतात. आपली पुष्कळ मुले बँकेच्या परीक्षा देतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. एका उमेदवाराची पतनोंद खराब आहे म्हणून स्टेट बँकेने त्याची नेमणूक रद्द केली. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती बँकेची कृती योग्य ठरविली. परीक्षा पास झाली, आणि नोकरी अडली ती जुन्या उधारीपायी.

आपला अहवाल या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो पाहावा. त्यात न घेतलेले कर्ज किंवा चुकीची नोंद असेल, तर लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल लागायला हवा. एक सावधगिरी आणखी. थकलेल्या देण्यात बँक कधी कधी थोडक्यात तडजोड करायला तयार होते. त्याने पैसे वाचतात, पण अहवालात “पूर्ण भरले” असे न येता “तडजोड केली” असे येते आणि ते पुढे नडते. जमेल तर पूर्ण भरून “देणे नाही” असे पत्र घ्यावे.

कर्ज कशासाठी काढावे?

मग कर्ज काढूच नये काय? तसे नाही. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी दुसऱ्यांदा लंडनला गेले. तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील पगारातून साठविलेले पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्जही होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ याच अभ्यासाचे फळ. त्यांनी कर्ज काढले ते विद्येसाठी. कर्ज काढण्याआधी आपण हाच प्रश्न विचारावा: हे फिटेल तेव्हा माझ्या हातात काय उरलेले असेल? पदवी, हत्यार, शिलाई मशीन, डोक्यावरचे छप्पर उरणार असेल, तर विचार करावा. फोन, बूट आणि वाढदिवसाचे फोटो उरणार असतील, तर थांबावे.

शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा नियम आहे. साधारणपणे शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या धंद्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. तिथे खेपा घालाव्या लागतात, कागद जमवावे लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. कार्ड दारात चालत येते आणि महामंडळाच्या दारात आपल्याला चालत जावे लागते, म्हणून तरुण कार्डाकडे वळतात. परंतु त्या खेपांची मजुरी व्याजात वाचते.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थ तरुणाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांनी ऋण नसण्याचे सुख त्यांत घातले. अंगुत्तर निकायात दरिद्री माणसाच्या दुःखांची साखळी आहे: गरिबीतून कर्ज, कर्जातून व्याज, व्याज थकले की तगादा, मग पाठलाग, मग बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही साखळी आणि या मुलाची वही आम्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कडी न् कडी जुळते.

दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर

वस्तीत आणखी एक रिवाज आहे. दोस्ताला हप्त्याने फोन हवा, त्याचे नाव चालत नाही, म्हणून तो आपल्या नावावर घेतो. नाही म्हटले तर मैत्री तुटते. आम्ही सांगतो, अशी मैत्री तुटली तर तुटू द्या. बँकेला दोस्त ठाऊक नाही, तिला कागदावरचे नाव ठाऊक आहे. जामीनकीचेही तसेच. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराला धरा, मग मला, असे म्हणता येत नाही. जेवढे देणे आपण स्वतः फेडू शकू आणि फेडायची तयारी असेल, तेवढ्यालाच सही करावी.

पोरांसाठी सात गोष्टी

एक, कार्ड घ्यायचे तर एकच. जेवढे पैसे खात्यात आधीच आहेत, तेवढेच त्यावर खर्चावे.

दोन, बिल पूर्ण भरावे. खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापली जाईल, अशी सोय करून ठेवावी. ती करताना “किमान” हा पर्याय निवडला गेला नाही ना, हे तपासावे.

तीन, मर्यादा कमी करून घ्यावी. तुमच्या संमतीविना ती वाढविता येत नाही.

चार, न मागितलेले कार्ड आले, तर सुरू करू नये. नको असलेले कार्ड बंद करायला लेखी सांगावे. देणे बाकी नसेल, तर ७ कामाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. पुढे होणाऱ्या उशिराबद्दल बँकेने दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.

पाच, कार्डावरून रोख काढू नये. ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही नाही.

सहा, एक कर्ज फेडायला त्याहून महाग दुसरे काढू नये. त्याहून स्वस्त मिळत असेल, तर जरूर काढावे.

सात, अडचण आली तर पहिल्याच महिन्यात बँकेला आणि घरात सांगावे. बँक पुष्कळदा कमी व्याजाने हप्ते करून देते. घरातले रागावतील, पण वाट काढतील.

आणि आई-वडिलांना एक विनंती. मुलगा कमावता झाला म्हणजे त्याचा पगार विचारू नये, असे नाही. विचारावा. पण त्याच्याकडून एकदम सगळे मागू नये. पहिल्या पगारावर फ्रीज, बहिणीचे लग्न आणि गावचे घर, असा भार टाकला की तो नाही म्हणू शकत नाही आणि कार्ड काढतो. घरात महिन्याला एकदा सगळ्यांनी बसून जमाखर्च लिहावा. ज्या घरात हिशेब उघड असतो, तिथे कागद उशाखाली जात नाहीत.

त्या घरी त्या रात्री आम्ही वहीवर सगळे देणे मांडले. आई बचत गटात आहेत. गटाने त्यांना शेकडा एक रुपया महिना दराने २०,००० रुपये दिले. म्हणजे पहिल्या महिन्याचे व्याज २०० रुपये. तेवढ्याच रकमेला कार्ड ८२६ रुपये घेत होते. ५,००० रुपये मुलाजवळ होते, ते त्यात घातले. राहिलेले ६,००० आणि त्यांवरचे व्याज तो ओव्हरटाइममधून दोन महिन्यांत भरणार आहे. गटाचे देणे महिन्याला २,००० प्रमाणे ११ महिन्यांत फिटेल. ॲपवाल्यांविरुद्ध सायबर पोलिसांत तक्रार दिली. मामाला आणि सुपरवायझरला मुलाने स्वतः फोन करून खरे काय ते सांगितले. त्यानंतर त्या फोनांची भीती गेली, कारण लपविण्यासारखे काही राहिले नाही.

बहिणीचे कर्ज अजून अडलेलेच आहे. पहिल्या हप्त्याची फी आईच्या भिशीतून भरली. शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे. कार्ड फिटल्याचे पत्र हाती आले की ती दोघे पुन्हा बँकेत जाणार आहेत. मिळेल की नाही, हे आज सांगता येत नाही.

परवा आम्ही त्या घरावरून जात होतो. माउलींनी हाक मारली. भिंतीवर दिनदर्शिकेच्या शेजारी दोऱ्याने एक वही टांगलेली होती. पहिल्या पानावर मुलाच्या अक्षरात देण्याचा आकडा आणि त्याखाली भरलेल्या रकमा. आईला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक भरलेल्या हजाराला त्याने एक उभी रेघ ओढली होती. त्या रेघांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “भाऊ, आता मला बी हिशेब कळतो.”